दुसऱ्या वेळी बूट वाजला नाही

"डोळे मिटा," देवस्थळी सर म्हणाले, "आणि तुमच्या पोटाला विचारा."

आम्ही सव्वीस जणांनी डोळे मिटले. सबस्टेशनच्या पत्र्याच्या शेडमध्ये, मे महिन्यात, दुपारी साडेबारा वाजता. पंखा बंद होता, कारण पंख्याच्या घरघरीत आतला आवाज ऐकू येत नाही असं सरांचं म्हणणं. सकाळी सात वाजता पोटात घातलेल्या मूठभर पोह्यांच्या जोरावर माझ्या पोटाने जे उत्तर दिलं, ते शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या गफूरचाचांनाही ऐकू गेलं.

"बेटा," ते डोळे न उघडता पुटपुटले, "तुझा आतला आवाज तर लै मोठा आहे."

मी सत्यभामा घुगे. वीज कंपनीत लाइनवर काम करते. तेव्हा मला नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं आणि आमच्या शाखेत पोलावर चढणारी बाई मी एकटीच. लोक मला वायरमनबाई म्हणायचे. मी पोलावर चढले की खाली गर्दी जमायची, माकडाच्या खेळाला जमते तशी. तर ही वायरमनबाई आणि तिच्यासोबतचे पंचवीस बाप्ये चौदा महिन्यांपासून वरच्या ऑफिसकडे रबरी हातमोजे मागत होते. दर महिन्याला अर्ज. दर महिन्याला उत्तर, 'मागणी विचाराधीन आहे.' चौदाव्या महिन्यात वरून मोजे आले नाहीत. देवस्थळी सर आले.

मागे बॅनर लावला होता, 'अंतःप्रेरणा ओळखा, अंतःप्रेरणा वाढवा : शून्य अपघाताकडे.' सर पुण्याचे. अंगात खादीचा कुडता, पाय अनवाणी, जमिनीशी नातं राहावं म्हणून. पण शेडची फरशी तापली होती, म्हणून ढाकणे साहेबांनी पॅनलसमोरची रबरी चटई उचलून त्यांच्या पायाखाली घातली. अख्ख्या सबस्टेशनात तेवढी एकच चटई होती. ऑपरेटरने करंट लागू नये म्हणून जिच्यावर उभं राहायचं, ती.

"तुमच्या शरीराला सगळं आधीच माहीत असतं," सर चटईवरून सांगत होते. "पोट सैल पडलं की उत्तर 'हो'. आवळलं की 'नाही'. पण तुम्ही काय करता? तपासता. विचारता. शंका घेता. प्रत्येक शंका म्हणजे अंतःप्रेरणेच्या गळ्याला लावलेलं नख!"

मागून कुणीतरी विचारलं, "सर, नुसता गॅस झाला असला तर?"

शेड हसली. ढाकणे साहेब, म्हणजे आमचे शाखा अभियंता, मागे वळून असे बघत राहिले की हसणं गिळायला लागलं. मग त्यांनीच हात वर केला. "सर, आमच्याकडे असा एक माणूस आहे. एकतीस वर्षं लाइनवर. अंगावर साधा ओरखडा नाही. त्याला करंट आधी कळतो."

"कोण? कोण आहेत ते?"

"ए गफूर, ऊठ."

गफूर तांबोळी उठले. पायजमा, खाकी शर्ट, खिशात तंबाखूची डबी. निवृत्तीला पाच महिने राहिलेले. कंपनीने मला त्यांच्या हाताखाली दिलं होतं, कारण बाकीच्यांनी 'बाई नको' असं तोंडावर सांगितलं होतं. चाचा म्हणाले होते, "पोलाला काय कळतंय बाई का बाप्या."

त्यांच्याबद्दल दंतकथा होत्या. एकदा ते पोलाच्या तळाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, मी चढत नाही, मन सांगत नाही. अर्ध्या तासाने कळलं, ऑपरेटरने भलत्याच लाइनचा फीडर बंद केला होता. अशा चार-पाच गोष्टी. ही त्यांची देणगी. आणि देणगीबरोबर आलेली खोड म्हणजे माणूस महारेंगाळ्या. गफूरभाईला पाठवलं की गावाने मेणबत्त्या काढाव्यात, असं लाइनमन म्हणायचे. आधी ऑपरेटरला फोन. त्याच्या तोंडून फीडरचं नाव वदवून घ्यायचं, बंद केल्याची वेळ वदवून घ्यायची. मग त्याच लाइनीवरच्या कुठल्या तरी घरी फोन, "वहिनी, पंखा बंद पडला का? बरं. पोरीचा ताप उतरला का?" मग पोलाखाली उभं राहून सावकाश तंबाखू मळायची आणि जत्रेत हरवल्यासारखं चारी दिशांना बघत राहायचं. मग वायरला बल्ब लावून बघायचा. मग तारांवर साखळी टाकायची, चुकून करंट आलाच तर तो जमिनीत जावा म्हणून. आणि एवढं करून वर गेल्यावर पहिल्यांदा वायरला हाताची पालथी बाजू शिववायची; करंट असला तर पालथा हात झटकला जातो, मूठ चिकटते. मी एकदा घड्याळ लावून बघितलं, आठ मिनिटं. तेवढ्यात दुसरे लाइनमन काम उरकून चहा पिऊन मोकळे. मला वाटायचं, वय झालं. एवढी मोठी देणगी आणि माणूस असा ढिला.

देवस्थळी सर त्यांच्यावर खूश झाले आणि म्हणाले, प्रयोग करू. लाकडी फळीवर दोन उघड्या वायरी ठोकल्या. चाचांच्या डोळ्यांवर उपरणं बांधलं. साहेबांनी प्लगाची चिमटीवाली वायर कधी डावीला, कधी उजवीला लावायची. चाचांनी वीतभर उंचीवरून तळहात फिरवायचा आणि सांगायचं, करंट कुठल्या वायरीत.

"बॅटरीवर करू या का?" मी विचारलं.

"खऱ्याशिवाय ऊर्जा जागत नाही," सर म्हणाले. ते चटईवर होते.

पहिल्या वेळी चाचांनी लगेच सांगितलं, "डावी." बरोबर. दुसऱ्या वेळी त्यांना वेळ लागला. सरांनी सगळ्यांना श्वास रोखायला सांगितलं होतं, साहेबांनाही जागेवरून हलू नका म्हणाले होते. चाचांचा हात दोन्ही वायरींवर घुटमळत राहिला, उजवीवर आला, खाली खाली यायला लागला. मग एकदम थांबला. "उजवी." बरोबर. तिसऱ्या वेळी पुन्हा झटक्यात, "उजवीच." बरोबर!

शेड दणाणली. शाल आली, नारळ आला. आणि मग देवस्थळी सर चटईवरून उतरले, वाकले आणि गफूर तांबोळींच्या पायाला हात लावला. "मी शिकवायला आलो होतो," सर माइकवर म्हणाले, "पण गुरू इथेच बसला आहे."

ढाकणे साहेबांनी फोटोसाठी चाचांच्या खांद्यावर हात ठेवला. "गफूरजी, इकडे बघा."

साहेबांना शाखेत येऊन सहा वर्षं झाली होती. त्यात पहिल्यांदा 'जी'.

परतताना गाडी मी चालवत होते. चाचा मागे, मांडीवर शाल.

"चाचा, खरं सांगा. कसं कळलं?"

आधी मागून नुसतं हसू आलं. गाडी हलायला लागली एवढं. "अगं, ढाकण्याचे नवे बूट! चिमटा लावला की भीतीनं मागं सरकायचा. ज्या बाजूला बूट करकरला, त्या बाजूला करंट. तौबा! विजेचा इंजिनेर अन् दोनशे तीसला भितंय."

आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून हसलो. डोळ्यांत पाणी येईस्तोवर. तिथेच ते संपायला हवं होतं.

नाही संपलं. तिसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पानावर फोटो आला, 'विजेशी बोलणारा लाइनमन.' चौथ्या दिवसापासून माणसं यायला लागली. किराणावाला म्हणाला, दुकान वाढवू का, जरा पोटाला विचारून सांगा. पतसंस्थेचा चेअरमन पोरीचं स्थळ घेऊन आला. चाचा आधी म्हणायचे, "अहो मी वायरमन आहे, भगत न्हाई." पण माणूस गाडी करून आलेला असतो, हात जोडून उभा असतो. मग चाचा डोळे मिटायचे, नुसत्या भिडेपोटी. काहीतरी सांगायचे. निम्मं बरोबर निघायचं. निम्मं कुणाचंही बरोबर निघतं. चुकलेला निम्मा परत येऊन सांगत नाही.

साहेब आता त्यांना 'गुरुजी' म्हणायला लागले. रोजच्या कामाच्या यादीत सुद्धा, 'डीपीचे काम : गुरुजी व घुगे.'

माझंही चांगलं चाललं होतं, तेही सांगून टाकते. मी गुरुजींची शिष्या झाले होते. आधी साहेब मला लाइनवरून उठवून बिलं वाटायला बसवायचे, ते बंद झालं. खालची गर्दी 'जमेल का बाईला' म्हणायची, ती आता 'तांबोळींनी तयार केलेली आहे' म्हणायला लागली. आणि मी घरी आरशासमोर उभी राहून पोटावर हात ठेवून बघायचे. येतं का काही? सैल पडतंय का? आवळतंय का? हसा खुशाल. मीही हसले असते, दुसरी कुणी असती तर.

जून सुरू झाला. एक दिवस सबस्टेशनच्या नळावर आम्ही डबे धूत होतो. चाचा बराच वेळ डब्याचं झाकण घासत बसले होते. मग म्हणाले,

"भामा, एक गोष्ट डोक्यातून जात न्हाई."

"कुठली?"

"दुसऱ्या वेळी बूट वाजला न्हवता."

मी डबा विसळत राहिले.

"पहिल्यांदा वाजला. तिसऱ्यांदा वाजला. दुसऱ्यांदा त्या पुणेकरानं ढाकण्याला हलू दिलं न्हाई. तरी मला कळलं. हात खाली चालला होता अन् एकदम वाटलं, इथं नको. कशानं वाटलं असंल?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू तिथंच होतीस. काही आवाज झाला होता का गं?"

झाला होता.

मी केला होता. त्यांचा तळहात जिवंत वायरीपासून दोन बोटांवर आला होता आणि माझ्या तोंडून 'च्च' निघालं. भाकरी उलटताना तव्याचा चटका बसला की निघतं तसं. मुद्दाम नाही. सगळे फळीकडे बघत होते, कुणाच्या लक्षात आलं नाही, असं मला वाटलं. चाचांच्या कानावर मात्र ते पडलं आणि हात थांबला. मी ते तेव्हाच ओळखलं होतं.

"नाही चाचा," मी म्हणाले. "काहीच आवाज नव्हता."

त्यांनी हळूहळू मान हलवली. झाकण डब्याला लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.

त्यानंतर आठ मिनिटांची सहा झाली. वहिनींना फोन बंद झाला. मग सहाची चार, म्हणजे बल्ब पिशवीतच राहिला. तंबाखू ते घरूनच मळून आणायला लागले. साखळी आम्ही सोबत न्यायचो आणि तशीच परत आणायचो. पोलाखाली उभं राहायचं, डोळे मिटायचे, पोटावर हात, अर्धा मिनिट, "चल बेटा, रिकामी आहे." आणि रिकामी असायचीच. ती नेहमीच असायची, डीपीतले किटकॅट, म्हणजे फ्यूज, मी स्वतः काढून आणलेले असायचे. साहेब मीटिंगमध्ये सांगायचे, "गुरुजींचा स्पीड बघा, वय बघा आणि लाज वाटू द्या." मी घरी लवकर जायला लागले. मला कशाला तक्रार?

जूनच्या अठरा तारखेला करंजवणच्या मंगल कार्यालयात लग्न होतं. मुहूर्त बारा दहाचा. सव्वाअकराला कार्यालयासमोरच्या पोलावर जोडणीची वायर जळाली. पंखे बंद, माइक बंद, आत सातशे माणूस. मॅनेजरचा फोन साहेबांना, साहेबांचा आम्हाला.

"गुरुजी, आमदारांकडचे पाहुणे आहेत. दहा मिनिटांत लाइट पाहिजे."

"पाचात देतो साहेब," चाचा म्हणाले. पूर्वी ते म्हणायचे, 'होईल तेव्हा होईल.'

डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर, दोनशे फुटांवर होता. मी गेले, तिन्ही किटकॅट उपसले, पिशवीत टाकले आणि धावत परत आले. चाचांची अर्ध्या मिनिटाची समाधी आटपलेली होती. शिडी लावत होते.

"साखळी देऊ?"

"कशाला? आतून गार वाटतंय. रिकामी आहे."

"मोजे..." मी म्हणाले आणि आम्ही दोघंही हसलो. मोजे हा आमच्याकडे विनोद होता.

ते वर गेले. पट्टा पोलाभोवती बांधला. पकड काढली. मी खाली शिडी धरून उभी होते. तेवढ्यात कार्यालयातून सनई सुरू झाली, ध्वनिफितीवरची, तीच ती, प्रत्येक लग्नात वाजते ती. मला बरं वाटलं. वाटलं, चला, यांचं सुरू झालं.

दोन श्वास गेले.

मग मानेवरचे केस उभे राहिले. किटकॅट माझ्या पिशवीत होते. सनई कशावर वाजत होती?

आता इथे मी काय केलं ते नीट सांगते, कारण अकरा वर्षं मी तेच करते आहे, मनात. मी बोंब मारायला हवी होती. आईबहिणीवरून शिवी हासडायला हवी होती. वरच्या माणसाचा हात शिवीने थांबतो, विनंतीने नाही. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "चाचा, जरा थांबता का?" दबक्या आवाजात. गुरुजी होते ना ते. त्यांच्या पोटाला गार वाटत होतं. माझ्या मानेवरच्या केसांना कोण विचारतो?

"घाबरू नको बेटा," ते वरून म्हणाले. "मला आतून..."

आणि त्यांनी वायर धरली. पालथ्या हाताने नाही. सरळ मुठीत.

चिकटलेला माणूस ओरडत नाही, ते सिनेमात. येतो तो दातांचा आवाज.

मी शिडी सोडून कार्यालयात पळाले. हळदी-कुंकवाच्या बायका, अक्षतांची ताटं, घोड्यावरून नुकताच उतरलेला नवरदेव, सगळ्यांना धक्के मारत मागच्या अंगणात गेले. तिथे जनरेटर धडधडत होता आणि तो चालवणारा माणूस पत्रावळीवर जिलेबी खात बसला होता. खटका सापडेना, म्हणून मी डिझेलची नळी उपटली. तोंडावर डिझेल. सनई गळा धरल्यासारखी बंद पडली.

"ओ बाई!" कुणाचा तरी मामा ओरडला. "अक्षता वाटल्यात!"

जनरेटर लावला की कार्यालय पोलापासून तोडणारा एक मोठा खटका असतो. तो मध्येमध्ये पडायचा, म्हणून कार्यालयवाल्यांनी काढून ठेवला होता आणि वायरी सरळ जोडल्या होत्या. त्यामुळे जनरेटरची वीज उलटी आमच्या पोलावर आली. नंतर मी त्या पोलाखाली जाऊन उभी राहिले. तिथून कार्यालयाचं मागचं अंगण सरळ दिसतं. जनरेटर दिसतो. त्यात डिझेल ओतणारा माणूस दिसतो. फक्त डोळे उघडे ठेवून तंबाखू मळायला लागतो तेवढा वेळ तिथे उभं राहावं लागतं.

चाचा वाचले. उजवा हात मनगटापासून काढावा लागला.

अपघाताच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो, 'अपघाताचे कारण'. प्रत्यक्षदर्शी म्हणून तो मी भरायचा होता. मी लिहिलं, 'सत्कार.'

"घुगेबाई," ढाकणे साहेब म्हणाले, "ही विनोदाची वेळ आहे का?"

"नाही साहेब."

त्यांनी फॉर्म फाडला आणि दुसऱ्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'कर्मचाऱ्याने सुरक्षा साधनांचा वापर केला नाही.' मी सही करताना खाली मोज्यांच्या चौदा अर्जांच्या तारखा लिहिल्या, एकाखाली एक. त्याबद्दल मला मेमो मिळाला. पुढच्या आठवड्यात मोजेही मिळाले, एक जोड, सव्वीस जणांत.

देवस्थळी सरांचं शिबिर अजून चालतं. मध्ये एका सहकाऱ्याने व्हिडिओ दाखवला. त्यात आमची गोष्ट आहे, नावं बदलून. एक सिद्ध लाइनमन असतो, त्याच्या आतून बारीकसा नकार येतो, पण घाईत तो ऐकत नाही, आणि हात गमावतो. सभागृह हळहळतं. मग टाळ्या. ही गोष्ट त्यांनी बनवली कुठे, तेही मला माहीत आहे. मी तिथेच होते, दवाखान्यात.

अपघाताला दहा दिवस झाले होते. मी चाचांसाठी डबा घेऊन गेले होते. सर खुर्ची ओढून बसलेले, मोबाइल चालू करून समोर धरलेला. चाचा उशीला टेकून, उजवं मनगट पट्टीत गुंडाळलेलं.

"गफूरजी, त्या क्षणी आठवा. आतून एक सूक्ष्म 'नाही' आलं असणार. हलकंसं. तुम्ही ते ऐकलं नाहीत. हो ना?"

चाचांनी डाव्या हाताने खाटेशेजारच्या टेबलफॅनकडे बोट केलं. फॅन बंद होता. त्याची वायर मध्येच सोललेली होती, आतलं तांबं दिसत होतं.

"सर, ते मोबाइल ठेवा बाजूला. डोळे मिटा. अन् त्या वायरीला हात लावून सांगा, करंट आहे का न्हाई."

सर हसले. "अहो, असं कसं..."

"पोटाला विचारा की."

सरांचा हात अर्धा उठला आणि थांबला. त्यांनी वायरीकडे बघितलं, मग वायर कुठे जाते ते बघायला मान वाकडी केली. "प्लग कुठे आहे? प्लग काढलेला आहे का ते आधी बघू या ना."

"बघा," चाचा म्हणाले. "एकतीस वर्षं आम्ही तेच बघायचो."

प्लग खाली लोंबत होता. सरांनी वायरीला हात तरीही लावला नाही. मोबाइल खिशात टाकला, 'लवकर बरे व्हा' म्हणाले आणि गेले. दारात त्यांना चप्पल सापडेना. या वेळी ते चप्पल घालून आले होते.

मग आम्ही दोघंच राहिलो. मी डबा उघडला, भाकरी कुस्करली, त्यात आमटी ओतली आणि चमचा त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांना जमत नव्हतं. मी भरवायला गेले तर हात झटकला. थोडी सांडली, थोडी तोंडात गेली.

"चाचा, मला काहीतरी सांगायचंय."

"बोल."

"दुसऱ्या वेळी आवाज झाला होता. मी केला होता. माझ्या तोंडून निघाला. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."

मला वाटलं होतं ते चमचा फेकतील. शिव्या देतील. मी शिव्या खायलाच गेले होते. भूक लागते तशी मला त्या शिव्यांची गरज होती.

चाचांनी आणखी एक घास घेतला. सावकाश चावला.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"तुझा आवाज होता ते. कान फुटलेत का माझे? ढाकण्याचा बूट ऐकू येतो अन् हाताखालच्या पोरीचं 'च्च' ऐकू येणार न्हाई?"

"मग नळावर मला विचारलंत कशाला?"

ते खिडकीकडे बघायला लागले. बाहेर कंपाउंडच्या पलीकडे आमचाच पोल होता, त्यावर दोघं जण चढलेले. बिनामोज्याचे.

"एकतीस वर्षं 'ए गफूर'," ते म्हणाले. "मग एक दिवस सगळं गाव 'गुरुजी' म्हणायला लागलं. मला कुणाकडून तरी ऐकायचं होतं की आवाज झाला न्हाई. दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तर त्यानं खरं सांगितलं असतं." त्यांनी चमचा डब्यात ठेवला. "तू खोटं बोलशील हे मला आतून पक्कं माहीत होतं, बेटा. म्हणून तुलाच विचारलं."